काचेतली पावलं

दुपारचे बारा वाजत आले की वाल्दुएन्याच्या चौकातल्या बायका पोट आत घेतात. थट्टा नाही, खरंच घेतात. कारण बाराच्या ठोक्याला विसी आर्मेन्तिया दुकानातून बाहेर येते, कारंज्याच्या कडेला तिपाई रोवते आणि कॅथेड्रलचा एक फोटो काढते. एकच. कोणी मध्ये आलं, कोणी शिंकलं, कोणाचं कुत्रं पायरीवर तंगडी वर करून उभं राहिलं, तरी दुसरा काढायचा नाही. संध्याकाळी पाचला तो फोटो दुकानाच्या काचेत लागतो, खाली तारीख, आणि दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत तिथेच राहतो. मग गाव काचेला नाक लावून बघतं, आज कोण सापडलं.

"अगं विसी, मी मागून एवढी रुंद दिसते?" एखादी विचारायची.

"कॅमेऱ्याने आखडता हात घेतलाय. तू याहून रुंद आहेस."

अशी तिची बोलायची रीत. साठीची बाई, काडीसारखी, बोटं औषधांनी पिवळी पडलेली. तिच्या वाटेला फारसं कोणी जात नसे. पण मुलांचं पहिलं कम्युनियन, लग्न, बारसं असलं की जायचे तिच्याचकडे, कारण गावात दुसरा फोटोवाला नव्हता. तिच्या बापाने दुकान काढलं, रोजचा फोटोही त्यानेच सुरू केला. बापाची नजर अधू झाली तेव्हा विसी बावीस वर्षांची होती. त्या दिवसापासून आजतागायत तिने एक दुपार चुकवली नव्हती. ताप असो, हिमवर्षाव असो, बाप घरात शवपेटीत असो, बाराला ती कारंज्यापाशी हजर. कॅथेड्रलचा दीड मनोरा (दुसरा आमच्या पूर्वजांनी भांडणातच अर्धा सोडला) आणि त्याच्या पायाशी गावाची येजा, एवढंच तिने अडतीस वर्षं टिपलं.

आणि अडतीसपैकी पस्तीस वर्षं ती एका माणसावर दात धरून होती. त्याचं नाव गौदेन्सियो.

गौदेन्सियो पिंपं बनवणारा. रुंद छाती, मोठा आवाज, सगळ्यांशी गोड. विसीची थोरली बहीण लेओकादिया, म्हणजे लेओ, हिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं. रिवाजाप्रमाणे कॅथेड्रलमध्ये तीन रविवार लग्नाची जाहीर वाचणी व्हायची, त्यातले दोन रविवार झाले होते. चादरींवर नावाची अक्षरं भरून झाली होती. आणि तिसऱ्या रविवारच्या आधी या गृहस्थाने बारमध्ये उभं राहून सांगितलं, मला नाही करायचं. कारण विचारलं तर म्हणे, नाही म्हणजे नाही. विसीच्या बापाने भर चौकात त्याच्या कानाखाली वाजवली. विसी त्याच्या पायाशी थुंकली. दहा दिवसांनी लेओ बिल्बाओच्या गाडीत बसली, आणि वर्ष उलटायच्या आत या साहेबांनी द्राक्षमळा घेऊन आलेल्या निकोलासाशी लग्न लावलं.

लेओ बिल्बाओत एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबली. लग्न केलं नाही. नाताळला म्हणून तीन वेळा आली असेल. अकरा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात भाड्याच्या खोलीत न्यूमोनियाने गेली, आणि दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता. विसीने तिला आणून बापाशेजारी पुरलं. त्या दिवशी कबरीशी उभं राहून ती गौदेन्सियोच्या नावाने जे बोलली ते पाद्रीसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता यातला जाच बघा. सप्टेंबरात सुगीच्या सणाला कॅथेड्रलच्या दारात पिंपभर द्राक्षं ओततात आणि दोन माणसं हातात हात घालून ती अनवाणी तुडवतात. पहिला रस कॅथेड्रलमधल्या माउलीच्या पायाशी जातो. वीस वर्षं त्या दोघांतला एक गौदेन्सियो. आणि त्याचा फोटो काढायचा विसीने, कारण मद्य उत्पादकांच्या सहकारी सोसायटीचं कॅलेंडर तिच्याचकडे. पहिल्या वर्षी तिने भिंगातून त्याचा हसरा चेहरा पाहिला. तिने कॅमेरा खाली वळवला आणि नुसती पावलं टिपली. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. उजव्या अंगठ्याला नखच नाही, पिंपाची लोखंडी पट्टी पडून गेलेलं. रसात भिजलेली ती दोन पावलं सोसायटीला इतकी आवडली की दर वर्षी सप्टेंबरच्या पानावर तीच.

"काय नजर आहे हो तुमची," सोसायटीचे लोक म्हणाले.

"थोबाड बघवत नाही म्हणून," विसी म्हणाली. त्यांना वाटलं, विनोद.

तर ही पावलं गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात टांगलेली होती.

आता साखळीवाल्याचं सांगायला हवं. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत कॅथेड्रलच्या धर्ममंडळाची माणसं जांभळे झगे घालून चालतात, डोक्यावर टोकदार टोपडी, डोळ्यांपुरती भोकं. सगळ्यात शेवटी एक जण अनवाणी, दोन्ही घोट्यांना साखळ्या. तो कोण, हे विचारायचं नाही, त्याच्या पायांकडे निरखून बघायचंही नाही. मंडळाच्या प्रमुखालाही ठाऊक नसतं. तो आपल्या घरून तयार होऊन येतो आणि तसाच जातो. ज्याचा नवस त्याच्यापाशी. चेहरा दिसला, नाव फुटलं, की नवस फुकट गेला. पोरांनी बोट दाखवलं तर आया तिथल्या तिथे चापट देतात. सध्याचा साखळीवाला दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसला, यंदाची त्याची अकरावी खेप, आणि लेओ गेली त्याच्या आदल्या नोव्हेंबरात. विसीने हे दोन कधी जोडले नव्हते. जोडायचं कारणच नव्हतं.

यंदा कारंज्याची डागडुजी चालली होती. भोवती पत्रे ठोकलेले. त्यामुळे विसी गुड फ्रायडेला कारंजं सोडून थेट मोठ्या दरवाजाच्या खांबाशी उभी राहिली. त्या दिवशी घंटा मुक्या असतात, मनोऱ्यावर नुसत्या लाकडी फळ्या बडवतात. ती मनगटावरच्या घड्याळात बघत होती. बारा वाजले तेव्हा शेवटचा माणूस उंबरठा ओलांडत होता. तिने दाबलं.

ईस्टरपर्यंत दुकान बंद, काचेवर पडदा, फोटो नंतर धुवायचे. दोन दिवसांनी अंधारखोलीत, ताटातल्या पाण्याखाली कागदावर चित्र उमटायला लागलं. आधी खांबाच्या पायथ्याचे दगडी प्राणी. मग साखळी. मग पावलं. डाव्या पायाचं बोट अंगठ्यावर चढलेलं.

विसी तांबड्या दिव्याखाली स्टुलावर बसली आणि मोठ्याने हसली. मग रडली, अगदी हुंदके देऊन, लेओला पुरताना रडली नव्हती तेवढी. म्हणजे हा मनातून कुढतोय. अकरा वर्षं रक्ताळलेल्या पायांनी हा माझ्या बहिणीसाठी फिरतोय! तिला इतकं बरं वाटलं की त्या रात्री तिने एकटीने अख्खी बाटली संपवली.

फोटो तिने खणात ठेवला. हे मान्य करायला हवं, आठ दिवस तिने तो खणातच ठेवला. तिला पुरत होतं. सकाळी खण उघडायचा, बघायचं, बंद करायचा. गौदेन्सियो रस्त्यात दिसला तर ती आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघायला लागली. तो बिचकून दुसऱ्या बाजूने जायचा.

मग तो मंगळवार आला. एउसेबियाच्या खाटकाच्या दुकानात रांग होती. विसीने सहा मोर्सिया मागितल्या, त्या रक्ताच्या काळ्या सॉसेजी. मागे निकोलासा उभी. ती विसीशी बोलत नसे, पण विसीला ऐकू जाईल असं एउसेबियाशी बोलायची, हेही पस्तीस वर्षांचंच.

"घरात खायला कोणी नाही, आणि बायका सहा-सहा घेतात," निकोलासा म्हणाली. "काचेतून लोकांचे संसार बघितले की भूक लागत असेल."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"दोघी बहिणी तशाच," निकोलासाने पुढे जोडलं. "एक इथे वाळली, एक तिकडे."

विसीने मागे वळून पाहिलं नाही. पैसे दिले, मोर्सिया घेतल्या, दुकानात आली, खण उघडला. पाच वाजता त्या दिवसाचा फोटो लावला आणि त्याच्या शेजारी तो दुसरा. उंबरठा, साखळी, पावलं. खाली लिहिलं: गुड फ्रायडे, दुपारी बारा.

चेहरा कुठे होता त्यात? नव्हताच. हे ती स्वतःला दहा वेळा म्हणाली. पण चेहऱ्याची गरज नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं.

अर्ध्या तासात गावात बोंब झाली. पहिली बाई काचेपाशी थांबली, वाकली, तोंडावर हात ठेवून घरी पळाली. कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान उलटून बघायला, दुसरं काय! सहा वाजता काचेपुढे वीस माणसं होती. सातला बारमध्ये दुसरा विषय नव्हता. साखळीवाला म्हणजे गौदेन्सियो! देवमाणूस म्हणायचे ना त्याला? मग केलंय तरी काय याने? अकरा वर्षं साखळ्या ओढाव्या एवढं?

आमच्या गावाला उत्तर शोधायला वेळ लागत नाही. कोणी म्हणालं, सोसायटीचं गोदाम जळलं ते यानेच जाळलं. कोणी म्हणालं, पिंपांत भेसळीचं लाकूड. कोणी नदीपलीकडची एक विधवा काढली, तिला मूलही देऊन टाकलं. काल याच्या खांद्यावर हात टाकून पीत होते तेच हे लोक. गौदेन्सियो बारमध्ये आला की सगळे एकदम हवापाण्यावर बोलायचे.

विसी वाट बघत होती. आज कोणी म्हणेल, उद्या कोणी म्हणेल. लेओचं नाव कोणाच्या तोंडी येईना. तीन दिवस झाले. गावाने गौदेन्सियोला आग लावायला लावली, बाई ठेवायला लावली, पण ज्या मुलीला त्याने भर बाजारात टाकलं ती कोणाला आठवेना. विसीच्या मस्तकात तिडीक गेली.

ती पुन्हा एउसेबियाकडे गेली. यावेळी काही विकत घ्यायचं नव्हतं.

"सगळे कसले कसले अंदाज करताहेत," ती म्हणाली. "वर्ष मोजा की. साखळीवाला कधीपासून दिसतोय? त्याच्या आदल्या नोव्हेंबरात कोण गेलं?"

एउसेबियाने सुरी थांबवली. "कोण गेलं?"

"लेओ."

"कोण लेओ?"

"माझी बहीण," विसी म्हणाली.

"हां हां," एउसेबिया म्हणाली. "तुझी ती बिल्बाओवाली! अगं बाई... म्हणजे अजून तिच्यासाठी?"

"मी काही म्हटलं नाही. वर्ष मोजा म्हटलं."

संध्याकाळपर्यंत गावाने वर्षं मोजली. ही गोष्ट गोदामापेक्षा आणि विधवेपेक्षा सरस होती. मेलेली प्रेयसी, साखळ्या, घरात बायको! सगळ्यांना पटली. विसीने त्या रात्री खिडकी उघडी ठेवली आणि खालून जाणाऱ्यांच्या तोंडून बहिणीचं नाव ऐकलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पण मंडळ गप्प बसणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रमुख आले, डॉन सातुर्नीनो, औषधवाले. टोपी हातात घेऊन, फार सभ्यपणे.

"विसीबाई, तो फोटो काचेतून काढा."

"कोणाचा आहे?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला नाही माहीत. तुम्हाला माहीत असेल तर मंडळाचा नियम तुम्ही मोडलात."

डॉन सातुर्नीनो लाल झाले. "साडेतीनशे वर्षांत कोणी साखळीवाल्याचं टोपडं काढलं नाही. दंगलीत नाही, युद्धात नाही."

"मीही नाही काढलं. पाय उघडेच होते."

"नवस मोडलात तुम्ही एका माणसाचा. कसला होता, कोणासाठी होता, ठाऊक तरी आहे?"

"आहे," विसी म्हणाली. "चांगलं ठाऊक आहे. दार ओढून घ्या जाताना, वारा येतो."

मग गावाने आपलं हत्यार काढलं. मे महिना तोंडावर, कम्युनियनच्या फोटोंचा हंगाम. सतरा घरांनी नाव नोंदवलं होतं. चौदांनी काढून घेतलं. कोणी काचेवर थुंकलं, कोणी दारात माशांची आतडी टाकली. जे तीन दिवस काचेला नाक लावून पावलं बघत होते, तेच आता म्हणत होते, काय ही नीच बाई! बघणारे सगळे सोवळे, दाखवणारी तेवढी नीच.

आणि बाराला चौकात एक नवाच प्रकार सुरू झाला. विसी तिपाई रोवायची, हातात घड्याळ घ्यायची, आणि पहिला ठोका पडला की चौकातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे पाठ करायचं. पाववाली, पोस्टमन, बाकावरचे म्हातारे, शाळेतून सुटलेली पोरंसुद्धा. बारा ठोके संपेपर्यंत कोणी वळायचं नाही. विसीने तसाच फोटो काढला आणि तसाच काचेत लावला. कॅथेड्रल, दीड मनोरा, आणि गावभर पाठी. खाली तारीख. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने तारखेखाली एक ओळ घातली: "या बाजूनेही ओळखते सगळ्यांना."

हट्टाला हट्ट. पण घरी आली की तिला जेवण जाईना, हेही खरं आहे.

रविवारी निकोलासा दोन पेट्या घेऊन बसने भावाच्या गावी गेली. सोमवारी साडेतीनच्या सुमाराला दुकानाची घंटी वाजली. गौदेन्सियो आत आला. दार लावून घेतलं. पस्तीस वर्षांत त्याने तो उंबरठा ओलांडला नव्हता. उतरलेला चेहरा, दाढी वाढलेली.

"निकोलासा गेली," तो म्हणाला.

"ऐकलं."

"ती म्हणते, अकरा वर्षं दुसऱ्या बाईसाठी साखळ्या ओढल्यास. जिवंत असती तर झिंज्या उपटल्या असत्या, मेलेलीशी कशी भांडू, म्हणते. फोनवर येत नाही. मी सांगितलेलं काही ऐकत नाही. चार वाजताची बस आहे. तू माझ्याबरोबर चल आणि तिला सांग, की लेओचं तू तुझ्या मनाने जोडलंस."

"मनाने?" विसीचा आवाज चढला. "मनाने जोडलं? ती नोव्हेंबरात गेली आणि तू पुढच्या गुड फ्रायडेला साखळी घातलीस! मला मोजता येतं, गौदेन्सियो. तू आधी इथे माझ्यासमोर म्हण, की लेओसाठी चाललो. एकदा म्हण. मग येते तुझ्या बायकोकडे, गुडघ्यांवर येते."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. तिला वाटलं, आता रडेल.

"नोव्हेंबर होता का तो?" तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"ती गेल्याचं कळलं होतं मला," तो म्हणाला. "वाईट वाटलं. पण महिना... नाही गं, लक्षात नाही माझ्या." तो खुर्चीत बसला, ज्या खुर्चीत नवरानवरीला बसवतात तिच्यात. "माझी नात ओरिया. बार्सेलोनाची. साखळी घातली त्याच वर्षी फेब्रुवारीत जन्मली, हृदयाला भोक घेऊन. डॉक्टर म्हणाले, बारा वर्षांची झाली तर मोठं ऑपरेशन करता येईल, त्याआधी नाही. मी नवस बोललो, बारा वर्षं चालेन, कोणाला कळू देणार नाही. निकोलासालाही नाही. इथे कोणाला आम्ही आजाराचं सांगितलंच नाही, मुलीची इच्छा नव्हती. एक वर्ष राहिलं होतं, विसी. एकच."

"खोटं बोलतोस."

"कशाला बोलू? नवस गेला. आता लपवून काय मिळणार आहे मला?"

ते खरं होतं, हे विसीला त्याच्या आवाजावरूनच कळलं. आणि ती घाबरली. आयुष्यात क्वचित घाबरली असेल तशी. पण जीभ तिची, ती काही लगेच खाली बसली नाही.

"म्हणजे लेओसाठी काहीच नाही?" ती ओरडली. "एक पाऊल नाही? तू टाकलंस तिला! दोन रविवार वाचणी झालेली मुलगी, तिला बारमध्ये उभं राहून टाकलंस. ती सडली तिकडे एकटी. आणि तुला महिना आठवत नाही?"

गौदेन्सियोने मान खाली घातली. बाहेर कोणीतरी काचेशी थांबून आत बघत होतं. विसीने त्याच्याकडे असं पाहिलं की ते माणूस निघून गेलं.

"मी नाही टाकलं," तो हळू म्हणाला.

"काय?"

"तिला जायचं होतं. या गावात राहायचंच नव्हतं. माझ्याशी लग्न, इथलं घर, काहीच नको होतं. शनिवारी दुपारी आली माझ्या कारखान्यात, रडत होती. म्हणाली, मी नाही म्हटलं तर बाबा मला कोंडून ठेवतील, तंगडी मोडतील. तूच नाही म्हण. तू मला टाकलंस की मी बिचारी होते, आणि बिचारीला कोणी अडवत नाही." तो थांबला. "तसंच झालं की. तुझ्या बापानेच तिला तिकीट काढून दिलं. गावात तोंड दाखवायला नको म्हणून. आठवतं?"

विसीला आठवत होतं. बाप स्वतः स्टेशनवर पेटी घेऊन गेला होता.

"मला ती फार आवडायची," गौदेन्सियो म्हणाला. "मूर्ख होतो. हो म्हटलं. तुझ्या बापाने मारलं, तू थुंकलीस. पस्तीस वर्षं निकोलासा मला विचारते, त्या मुलीला का सोडलंस, मी सांगत नाही. तुझ्या बहिणीचं गुपित मी पस्तीस वर्षं पोटात ठेवलं, विसी. तुला माझं पंधरा दिवस ठेवता आलं नाही."

तो हे ओरडून बोलला असता तर विसी उलट ओरडली असती. तो दमून बोलला. तिची मान आपोआप वळली. तिने काचेजवळ जाऊन पावलांचा फोटो उतरवला, तो कुठे ठेवावा हे तिला कळेना, मग उलटा करून मेजावर ठेवला. तिला लाज वाटली. इतकी की त्याच्याकडे बघवेना.

"चारची ना बस?" ती म्हणाली.

"चारची."

तिने खुंटीवरचा कोट काढला. एक हात घातला. निकोलासापुढे काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती, पण मध्येच दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते सगळ्यापेक्षा जास्त जाळत होतं. लेओचं दर आठवड्याला येणारं पत्र. नाताळला एका पलंगावर झोपणं. कबरीशी उभं राहून दिलेल्या त्या शिव्या.

"मला का नाही सांगितलं तिने?" विसी म्हणाली. आवाज फाटला होता. "तुला सांगितलं, परक्याला. मी तिची सख्खी बहीण. बाबांना मी कधी सांगितलं असतं का?"

गौदेन्सियो दाराशी उभा होता. त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"मी म्हटलं होतं तिला," तो म्हणाला. "निदान विसीला तरी सांग."

"मग?"

"म्हणाली, विसीला नको. ती काचेत लावेल."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही. तिने विचारलं म्हणून सांगितलं. मग तो बाहेर जाऊन फुटपाथवर थांबला, बस चुकू नये म्हणून घड्याळाकडे बघत. आत विसी कोट अर्धा अंगात घालून उभी होती, आणि काही केल्या तिला दुसरी बाही सापडत नव्हती.